आरारूटाची बरणी

वाईत अलकाची ओळख एकाच गोष्टीने व्हायची. "कुठली अलका?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "अहो, पोस्टातल्या लीलाबाईंची! ती केसांची!" पाळण्यातलं नाव अलकनंदा, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला? मात्र केसांबद्दल बोलायला सगळ्यांना वेळ असायचा. कमरेखाली चार बोटं उतरलेला शेपटा, मनगटाएवढा जाड. दर रविवारी लीलाबाई पाटावर बसून लेकीच्या डोक्याला तेल चोळायच्या आणि चोळता चोळता शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरायच्या, "बाई गं, वाटीभर तेल पुरत नाही हिला!" कुरकुर कसली, मिरवणंच ते.

एकतिसाव्या वर्षी अलका शिकायला आयर्लंडला आली, डंडॉकला. कोर्स संपला, नोकरी लागली, ती तिथेच राहिली. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि "हो, मला समजतंय" असं शांतपणे म्हणायचं, असं तिचं काम. लग्नाचं जमलं नाही. दोनदा ठरता ठरता राहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आरशात बघितलं की तिचं तिला बरं वाटायचं. तेवढ्यावर तिचं चाललं होतं.

मग सदतिसाव्या वर्षी कपाळ वर सरकायला लागलं. आधी वाटलं, भास असेल. मग भांग रुंद झाला, भुवया विरळ झाल्या. नखं तर अशी पापुद्रे सुटून निघायची की स्वेटर घालताना लोकरीत अडकायची. डंडॉकातल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. तिथे तिने बिचकत विचारलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं कांद्याचा रस लाव, कुणी म्हणालं इथलं पाणी जड आहे. वीणा म्हणाली, "टेन्शन घेऊ नकोस गं, टेन्शनने जातात." घ्या! केस जातात म्हणून टेन्शन आणि टेन्शन आहे म्हणून केस जातात. माणसाने करावं तरी काय?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्वचातज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. नंबर लागायला वर्ष जाईल म्हणाल्या. अलका वाट बघत बसली. केस काही थांबले नाहीत.

ऑफिसात शेजारच्या टेबलावर ऑर्ला नावाची बाई बसायची. तिने एकदा आपली नखं टेबलावर टकटक वाजवून दाखवली. म्हणाली, "जिलेटिन. रोज सकाळी एक चमचा गरम पाण्यातून. केसांनाही चांगलं. एकदम ग्रँड आहे, चवसुद्धा लागत नाही."

आता अलकाच्या घरात केकमध्ये अंडं असेल तरी लीलाबाई पदर नाकाला लावणार. दुकानात अलकाने तो पांढऱ्या पावडरीचा खोका उचलला आणि मागचं वाचलं. गाईची हाडं, कातडी. परत ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग एका सकाळी अंघोळ करताना पाणी तुंबलं. जाळीवरून मूठभर केस काढून तिने हातात धरले आणि तशीच ओल्या अंगाने खाली बसून रडली. संध्याकाळी खोका घरी आला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. तिला अक्कल होती, पण त्या दिवशी ती कामाची नव्हती.

पहिला चमचा घेताना तिने डोळे मिटले. चव खरंच नव्हती. उलटी होईल म्हणून ती मोरीपाशी उभी राहिली, तर तीही झाली नाही. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

आता हा खोका ठेवायचा कुठे? वीणा घरी आली की चहा स्वतःच करते, सगळी कपाटं उघडते. तिने बघितलं की ग्रुपवर गेलंच म्हणून समजा. अलकाच्या ओट्यावरच्या कपाटात काचेची एक रिकामी बरणी होती. पाच वर्षांपूर्वी आईने पोटाला बरं म्हणून आरारूट भरून दिलेली. आरारूट केव्हाच संपलं, पण बरणीवर आईच्या पोस्टातल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती, आणि ती फेकवत नव्हती. आपल्यात बरणी रिकामी राहते कधी? हिंगाच्या डबीत सुया, बिस्किटाच्या डब्यात दोरे. अलकाने 'आरारूट' लिहिलेल्या बरणीत जिलेटिन ओतलं, खोका फाडून कचऱ्यात टाकला आणि सुटल्यासारखी झाली.

मे महिन्यात लीलाबाई तीन महिन्यांसाठी लेकीकडे आल्या. विमानतळावर अलका टोपी घालून गेली होती. घरी आल्यावर ती काढावीच लागली. तेलाची बाटली आणली होती वाईहून, टॉवेलात गुंडाळून, ती हातात धरून लीलाबाई नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बस खाली." आणि जे काही उरलं होतं त्याला तेल लावलं. चमचाभरसुद्धा लागलं नाही.

त्या रात्री त्या सोळा सोमवारांचा नवस बोलल्या. लेकीचे केस परत येऊ देत म्हणून. बारा इथे, उरलेले घरी जाऊन. दिवसभर फक्त पाणी. सूर्य मावळला की दिवा लावायचा, दुधातल्या वडीचा नैवेद्य महादेवाला दाखवायचा आणि तीच वडी खाऊन उपास सोडायचा. पण जूनमधला डंडॉकचा सूर्य! दहा वाजत आले तरी हलायचं नाव घेत नाही. ही बहात्तर वर्षांची बाई खिडकीत बसून उन्हाकडे टक लावून बघायची. अलका कामावरून फोन करून म्हणायची, "आई, वाईत कधीच मावळला. तिकडचा धर ना." लीलाबाई म्हणायच्या, "मी तिकडे आहे का?"

वड्या कशाच्या, हे अलकाने कधी विचारलं नाही. सोमवारी तिची उशिराची पाळी. ती घरी यायची तेव्हा फ्रिजमध्ये ताटलीत दोन वड्या झाकून ठेवलेल्या असायच्या. थलथलीत, वेलदोड्याच्या वासाच्या. आईने पीठ बरोबर आणलं असेल असं धरून ती प्रसाद म्हणून खायची. सकाळी आई देवाजवळ बसली की बरणीतला चमचा घ्यायची. बरणी लवकर संपते आहे हे तिच्या लक्षात आलं होतं, पण अलीकडे ती एकाचे दोन चमचे घेत होती.

जुलैत नंबर लागला. डॉक्टरने भिंगातून बराच वेळ बघितलं आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली की काय समजायचं ते माणूस समजतो. तो म्हणाला, मुळंच मेली आहेत, तिथे आता व्रण आहेत. उरलेले वाचवायचा प्रयत्न करू. गेलेले येणार नाहीत. अलकाने विचारलं, "काही खाल्लं तर?" तो हळूच म्हणाला, "काही खाल्लं तरी."

घरी येऊन तिने आईला सांगितलं, "वेळ लागेल म्हणाले." लीलाबाईंचा चेहरा उजळला. "लागू दे की! माझे सोमवार कुठे संपलेत?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गेलेले येणार नाहीत हे माहीत असताना, अलकाने पुन्हा दोन चमचे घेतले. बुडत्याला काडीचा आधार. काडी बुडालेली दिसली तरी हात सुटत नाही, त्याला काय करणार?

ऑगस्टचा पहिला सोमवार आला. तिकडे त्या दिवशी सुट्टी असते. लीलाबाईंचा इथला बारावा सोमवार, बुधवारचं विमान. अलका पहिल्यांदाच सोमवारी घरी होती. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर आई ओट्याशी उभी. पातेल्यात दूध, आणि हातात ती बरणी.

"हे बघ," लीलाबाई कौतुकाने सांगत होत्या, "माझंच आरारूट, पण इथल्या थंडीत राहून गुण कसा बदललाय बघ. शिजताना दाट म्हणून होत नाही. गार झालं की मात्र असं थिजतं, सुरीने कापावं! जरा वास येतो, म्हणून वेलदोडा जास्त घालते. आणि अलके, एक सांगू? माझी नखं बघ. तुटायची थांबली." त्यांनी हात पुढे केला. तीन महिने भांडी मशीन घासत होतं, त्याने थांबली असतील. त्या मात्र हसून म्हणाल्या, "महादेवाची चूक झाली गं. मागितलं तुझ्यासाठी, देतोय मला म्हातारीला."

अलकाने मनात मोजलं. अकरा सोमवार. दिवसभर पाण्यावर राहून अकरा वेळा आईने गाईच्या हाडांचा नैवेद्य देवापुढे ठेवला होता आणि त्यानेच उपास सोडला होता. गप्प बसता आलं असतं. दोन दिवसांनी विमान होतं, बरणी धुऊन टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण लीलाबाईंनी चमचा भरला, आणि बाराव्यांदा ते दुधात पडताना बघणं तिला जमलं नाही.

"आई, थांब. ते आरारूट नाही."

"मग काय आहे?"

"जिलेटिन."

"म्हणजे?"

अलकाला मराठी शब्द सापडेना. मग सापडला. "हाडांचं असतं. गाईच्या."

लीलाबाईंनी चमचा परत बरणीत उलटा केला. गॅस बंद केला. "तू आणलंस?"

"हो."

"कशाला?"

"केसांसाठी."

लीलाबाईंनी लेकीच्या डोक्याकडे बघितलं. "मग आले?"

"नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झाकण लावलं, बरणीवरचं आपलं अक्षर अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि ती लेकीच्या हातात दिली. दूध ओतून टाकलं. पातेलं तीनदा घासलं, मशीनमध्ये न घालता, हाताने. त्या दिवशी सूर्य मावळला, तरी त्यांनी उपास सोडला नाही. मंगळवारीही पाणीच. अलका पाया पडली, रडली, म्हणाली, "मला बोल ना काहीतरी." लीलाबाई बॅगेत साड्या भरत म्हणाल्या, "तुला काय बोलू? तू कमी भोगतेयस का?" विमानतळावर त्यांनी तिची टोपी सरळ केली आणि आत गेल्या.

दहा दिवसांनी वाईहून वहिनीचा, स्वरूपाचा, फोन आला. "घाबरू नकोस, पण आईंचा व्हिडिओ कॉल येईल. बघून रडू नकोस त्यांच्यासमोर." लीलाबाई घाटावरच्या गुरुजींकडे गेल्या होत्या. सगळं खरं सांगितलं, फक्त लेकीचं नाव घेतलं नाही. गुरुजी भला माणूस. म्हणाला, अजाणता झालंय आजी, प्रायश्चित्त म्हणून दोन बोटं केस कापले तरी पुरे. लीलाबाई म्हणाल्या, "दोन बोटांनी काय होतंय? सगळे काढा." वहिनी नको नको म्हणत राहिली. "मला म्हणाल्या, माझे घे नि तिचे दे, एवढंच मागायचं राहिलं होतं देवाकडे."

रविवारी कॉल आला. पडद्यावर आईचं डोकं, गुळगुळीत, कानाच्या पाळ्या एकदम मोठ्या दिसणाऱ्या. बहात्तराव्या वर्षीही लीलाबाईंचा अंबाडा मुठीत मावत नसे. अलकाचे केस तिथूनच आले होते.

"बरी आहेस ना?" लीलाबाई म्हणाल्या. "जेवलीस?"

"हो."

"आता तरी येतायत का गं?"

अलकाने एकदा खरं सांगून बघितलं होतं. त्याचं काय झालं ते समोर दिसत होतं. "येतायत आई," ती म्हणाली. "बारीक बारीक येतायत."

"दाखव बघू."

तिने टोपी काढली आणि फोनसमोर मान खाली घातली. तिथे काहीच नव्हतं. चकचकीत कातडी आणि बाजूला चार केस. लीलाबाईंनी चष्मा लावला, फोन नाकाशी नेला आणि बराच वेळ बघितलं. अलका मान खाली घालून तशीच थांबली.

"हं," शेवटी आईचा आवाज आला. "दिसतायत. दिसतायत गं."

अलकाने मान वर केली. लीलाबाईंनी चष्मा काढला होता आणि त्या पदराने काचा पुसत होत्या.

"उद्या फोन करू नकोस हं," त्या म्हणाल्या. "सोमवार आहे. पुन्हा पहिल्यापासून धरलेत."