काशिराम नाखव्यांचे दोनशे छप्पन्न पत्ते

काशिराम नाखव्यांना पनवेलच्या खांदा कॉलनीत बरेच जण ‘भोळा माणूस’ म्हणतात. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भोळ्या माणसाला आपण फसलो हे कळत नाही. काकांना सगळं कळत होतं, आमच्या आधी कळत होतं.

काका मूळचे उरणजवळच्या करंजाचे कोळी. बंदरातल्या टगबोटीवर तीस वर्षं वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर गुणाकाकूंना घेऊन खांदा कॉलनीत आले आणि पहिल्याच आठवड्यात गच्चीवर अँटेना उभी केली. हौशी रेडिओचं, म्हणजे हौसेखातर घरून जगाशी रेडिओवर बोलण्याचं, लायसन्स त्यांच्याकडे पूर्वीपासूनच होतं. मी बँकेत नोकरी करणारी. त्याच लायसन्सच्या परीक्षेसाठी मोर्सची टकटक लिपी मला त्यांनीच शिकवली, काकूंच्या ओट्यावर चमचा वाजवून.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. इंटरनेट बाळसं धरत होतं तेव्हाच जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांसाठी पत्त्यांचा एक मोठा तुकडा राखून ठेवला गेला, चव्वेचाळीसने सुरू होणारा. फुकट, पण धंद्यासाठी नाही. २०१२ साली काकांनी इंग्रजी पत्रं माझ्याकडून तपासून घेत घेत त्यातले दोनशे छप्पन्न पत्ते पनवेल-उरणच्या रेडिओवाल्यांसाठी मिळवले. नोंद त्यांच्या नावावर झाली.

पत्त्यांचं वाटप एका शंभर पानी वहीत. नियम काकांनी करंजाहून आणलेला. त्यांच्या वडिलांच्या काळी समुद्रात जाळी बांधायच्या खुंटांच्या जागा गाव ठरवून द्यायचं. “बाबानं जाला लावला तवर जागा बाबाची. नाय लावला, तर गावाची. इकायची कुनालाच नाय,” काका सांगायचे. म्हणून नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमायचो. काका चष्मा लावून एकेक नाव वाचायचे आणि एकच विचारायचे, “वापरतंस?” हो म्हटलं तर बरोबरची खूण. नाही म्हटलं की पट्टी लावून नावावर रेघ.

एक नंबरचा पत्ता त्यांचा स्वतःचा. करंजाच्या धक्क्यावर त्यांनी पाण्याची उंची मोजणारं एक यंत्र बसवलं होतं. ते रेडिओवरून आकडा पनवेलला पाठवायचं आणि काकांच्या इंटरनेटवरच्या पानावर तो कुणालाही दिसायचा. होड्यावाले मोबाइलवर बघायचे. तीस वर्षं साहेबांचे निरोप पोचवलेल्या माणसाचा हा स्वतःचा पहिला निरोप होता.

पण पत्ता असून भागत नाही, तिथवर रस्ता लागतो. आमचं टपाल आधी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या यंत्राला वळसा घालून यायचं. पनवेलहून बघणाऱ्यालासुद्धा तोच वळसा! दुसरा मार्ग म्हणजे इथल्याच एखाद्या इंटरनेटवाल्यानं जगाला जाहीर करायचं, की हे पत्ते माझ्या दारी आहेत. नवीन पनवेलात केबलवरून नेट देणारा परेश २०१५ साली त्याला तयार झाला. काकांनी परवानगीचं पत्र दिलं, त्यानं रस्ता फुकट दिला. चार वर्षं पान झकास चाललं. परेशला दिवाळीचा फराळ काकू स्वतः नेऊन द्यायच्या.

२०१९च्या जानेवारीत काकांना परदेशातून एक मेल आली. तुमच्या पत्त्यावरून आम्हाला कचरा मेल येतायत, ताबडतोब थांबवा. पत्त्याचा शेवटचा आकडा एकशे ऐंशी. काकांनी वही काढली. एकशे ऐंशी कुणालाच दिलेला नव्हता.

आम्ही परेशच्या ऑफिसात गेलो. त्यानं चहा मागवला आणि लाजही न वाटता सांगितलं, “काका, टेन्शन कशाला घेता? तुमचे चाळीसपण चालू नाहीत. कोन गावात नवीन बिल्डिंगी झाल्यात, तिथल्या कस्टमरला लावलेत. मार्केटमध्ये पत्ते मिळतायत कुठे? तुमचे पडूनच होते ना?”

“परून नव्हते. ठेवलेले व्हते,” काका म्हणाले. “मी तीस वर्सं कुनाचा खोटा निरोप पाटवला नाय. आज माज्या नावानं कचरा जातो जगात.”

“मग असं करू. अर्धे मला, अर्धे तुम्हाला. रस्ता कायम फुकट.”

परतताना रिक्षात मी म्हटलं, “द्या ना अर्धे, काका. तुमचं पान तरी चालू राहील.” ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काकांनी परेशला कळवलं, गिऱ्हाइकं काढेपर्यंत परवानगी रद्द. परेशनं फक्त त्याची गिऱ्हाइकं काढायची होती. त्यानं रस्ताच बंद केला. जुना अमेरिकेचा वळसाही आता जमेना, कारण घरच्या नव्या कनेक्शनवर शंभर घरांत मिळून एकच पत्ता, त्यातून आमचं टपाल शिरत नव्हतं. चोरी परेशची आणि शिक्षा काकांना! करंजाच्या धक्क्यावरचं यंत्र आकडे पाठवत राहिलं आणि पुढे ते बघायला कुणीच नव्हतं. मार्चमध्ये त्याची बॅटरी गेली. काकांनी नवी बसवली नाही.

जुलैत बातमी आली. चव्वेचाळीसचा सगळा तुकडा सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेनं त्यातला पाव भाग, चाळीस लाखांवर पत्ते, एका बड्या कंपनीला विकून टाकले होते. कारण काय, तर वापरात नव्हते. पैसा रेडिओच्याच चांगल्या कामांना जाणार, असंही लिहिलेलं. जाईल. कायद्यातही बसत असेल. पण जगभरच्या रेडिओवाल्यांना आधी कुणी विचारलं? ज्या गोष्टीसाठी परेशला मी चोर म्हणते, तीच कागदावर सही करून केली की सद्‌गृहस्थ?

मी बातमी छापून नेली. काकांनी दोनदा वाचली.

“वापरात नसतील, तर परत करायचे,” ते म्हणाले. “इकले कशे?”

“परत कुणाला, काका?”

“गावाला. आनकी कुनाला?”

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही नऊच जण जमलो. काकांनी चष्मा लावला, वही उघडली आणि पहिलं नाव वाचलं, “काशिराम नाखवा. वापरतंस?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “नाय.”

पट्टी लावून त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली.

मी ओरडलेच. “काका, तिकडे चाळीस लाख विकले, त्यांना कुणी जाब विचारला नाही, आणि तुम्ही तुमचा एक पत्ता सोडताय? तोही दुसऱ्यानं रस्ता तोडला म्हणून?”

“त्यांची वही त्यांनी बगावी. ही माजी हाय,” काका म्हणाले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “चारुता. वापरतंस?”

माझा रेडिओ सेट मार्चपासून कपाटावर पडून होता, त्यावर धूळ बसली होती. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? तपासायला कोण येणार होतं?

“नाही,” मी म्हटलं.

काकांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली.