ताईचा नंबर

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, अकोल्याच्या कोर्टात ज्यांच्याबरोबर रोज चहा पितो त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ताईला ओळखत नाही, म्हणून असेल. आणि — खरं सांगू? — आता हे सांभाळून ठेवायचा कंटाळा आला आहे.

गोष्ट एका स्कूटरची आहे. हसू नका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तेव्हा स्कूटर अशी दुकानात जाऊन घेता येत नसे. अनामत भरायची, नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. लग्नात द्यायला म्हणून नंबर लावावा आणि पोराच्या बारशाला गाडी यावी, असा सगळा प्रकार. ज्याला दम नसेल त्याने ‘ऑन’ द्यायचा — म्हणजे किमतीच्या वरचे पैसे. ज्याचा नंबर आला तो आपली गाडी त्याला देऊन टाकी, ऑन खिशात घाली, थोडा दुकानदाराच्या हातावर ठेवी. आमच्या अमरावतीत चांगली चांगली माणसं आईच्या, मावशीच्या नावाने नंबर लावून ठेवीत ते याचसाठी. त्याला चोरी कुणी म्हणत नसे. मग मी तरी का म्हणावं? — असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पण त्या लोकांच्या मावश्यांना गाडी चालवायची नसायची.

माझ्या ताईला चालवायची होती.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी मराठी शाळेत होतो. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, राजापेठेतल्या दोन खोल्यांचं घर तिने चालवलं, मला नागपूरला ठेवून वकील केलं. तिचं लग्न राहिलं. राहिलं म्हणजे काय, तिने राहू दिलं. शाळेत ती सायकलने जायची, आणि त्या वेळी तेवढ्यावरही लोक वळून बघायचे.

तिच्या संस्थेने परतवाड्याच्या रस्त्याला, फाट्यापासून आत असलेल्या एका गावात मुलींसाठी शाळा काढायचं ठरवलं. मुख्याध्यापिका म्हणून ताईला विचारलं. एसटी फाट्यावर सोडायची, तीही भलत्या वेळी. तिथून आत नवा खडीचा रस्ता, आणि माणूस नाही काणूस नाही. सायकलने रोज तेवढं जाणं चाळिशीला आलेल्या बाईला झेपणारं नव्हतं. पण ताईने त्याच्या कितीतरी आधीच स्वतःच्या पगारातून स्कूटरचा नंबर लावून ठेवला होता. ‘कधीतरी लागेलच’ म्हणाली होती. आता लागली. दुकानाच्या कागदांवर आधीच सह्या करून तिने ते माझ्याकडे दिले होते, कारण दुकानाच्या वेळेत तिची शाळा असे.

एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर तिने ड्रॉइंग मास्तरांची स्कूटर चालवून पाहिली. मी कुंपणाशी उभा होतो. ती एकदा पडली, कोपर सोलवटलं, पदर खोचून पुन्हा बसली — आणि गेली की सरळ! पार त्या टोकाला जाऊन वळून आली. हसत होती. तिला तसं हसताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं. कुंपणाबाहेर चार टवाळ उभे होते, त्यातला एक काहीतरी बोलला आणि बाकीचे खिदळले. मला काय वाटलं सांगू? त्या टवाळांचा राग आला नाही. ताईचा आला.

त्याच सुमाराला अकोल्याच्या एका नामांकित वकिलांच्या मुलीशी माझं जमत आलं होतं. ते मला सहज म्हणाले, ‘तुमच्या भगिनी आता फटफटीवर बसणार म्हणे?’ मीही त्यांच्याबरोबर हसलो.

मग एके दिवशी दुकानदाराने मला रस्त्यातच हाक मारली. ताईचा नंबर आला होता. आत बाळापूरचा एक कापसाचा अडत्या बसलेला. म्हातारा माणूस, धोतराच्या सोग्याने सारखा घाम पुसत होता.

‘वकीलसाहेब,’ तो म्हणाला, ‘जावयाले गाडी कबूल करून बसलो. माही पोरगी वर्ष झालं माहेरीच बसून राहिली. पैशाचं तुमी नका पाहू. गाडी तेवढी द्या मले.’

त्याने जो ऑन सांगितला त्यात अकोल्याला कोर्टाजवळ जागा, टेबल-खुर्च्या, कपाट सगळं होत होतं. सासऱ्यांपुढे हात पसरायला नको. मी विचार करायला किती वेळ घेतला? चहा आला, तो संपला — तेवढाच. त्याच्या पोरीची दया आली म्हणून दिली, असंही मी मध्यंतरी काही वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. मला पैसे हवे होते, आणि ताई त्या गाडीवर बसलेली मला नको होती.

गाडी बाळापूरला गेली. ताईला मी म्हणालो, ‘नंबर रद्द झाला. बाई स्वतः चालवणार असेल तर आता गाडी देत नाहीत म्हणे.’ आणि तिची अनामत तिच्या हातात ठेवली.

ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. मी तिला ओळखतच नव्हतो, दुसरं काय! ‘मी स्वतः विचारते त्यांना,’ म्हणाली.

आता जे सांगायचं आहे ते गाडी विकण्यापेक्षा वाईट आहे.

मी तिच्याआधी दुकानदाराला जाऊन भेटलो. तो म्हणाला, ‘येऊ द्या न बाईले. मी सांगतो बरोबर. तुमी फक्त भांडल्यासारखं करा.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ताईने शाळेच्या समारंभाची साडी नेसली होती. दुकानदार उठून उभा राहिला, हात जोडले. ‘बाई, तुमी शिकल्यासवरल्या हा. पन लेडीजले चालवाले गाडी द्याची नाही, वरून हुकूम हाय. उद्या पडल्या-झडल्या त कोन निस्तरनार?’

‘हुकूम दाखवा,’ ताई म्हणाली.

‘तोंडी हाय.’

ताईने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी भांडलो. टेबलावर हात आपटला. राज्यघटना काढली, स्त्री-पुरुष समानता काढली, कोर्टात खेचीन म्हणालो. दारात माणसं जमली. वकील म्हणून माझं ते पहिलं भाषण, आणि खोटं सांगत नाही, चांगलं झालं. मीच रंगात आलो होतो. शेवटी ताईनेच माझा दंड धरला. ‘चल, जाऊ दे. कशाला यांच्या तोंडी लागतोस.’

घरी येताना ती म्हणाली, ‘तू होतास म्हणून बरं.’

मुख्याध्यापिकेची जागा तिने नाकारली. संस्थेने एका मास्तरांना पाठवलं, त्यांचं तिथे मन रमलं नाही, आणि ती शाळा थोड्याच दिवसांत मुलांच्या शाळेत मिसळली. किती मुलींचं शिकणं त्यात सुटलं, मी कधी चौकशी केली नाही. ताई निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत, त्याच वर्गांना शिकवत राहिली. पुढे एकदा ती माझ्याकडे अकोल्याला आली असताना टिळक रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई स्कूटरवरून गेल्या. ताई थांबून बघत राहिली. ‘हिला कशी दिली रे?’ मी म्हणालो, ‘ओळख असेल वरपर्यंत.’ ती म्हणाली, ‘असेल.’ पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

आता ती आमच्याकडेच असते. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने कॉलेजला जायला गाडी घेतली आणि आत्याला पहिली चक्कर मारून आणली. ताई मागे बसली होती, तिला घट्ट धरून. खाली उतरल्यावर मुलीने विचारलं, ‘आत्या, तू का गं नाही शिकलीस?’

‘शिकले होते की,’ ताई म्हणाली. ‘मला दिलीच नाही त्यांनी. पण तुझा बाबा काय भांडला त्या दुकानदाराशी! सगळी राजापेठ गोळा झाली होती. माझ्यासाठी असं कुणी कधी भांडलं नाही बघ.’

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या कौतुकाने ती माझ्याकडे कधी पाहत नाही.

मी मान खाली घातली. दोघींना तो माझा विनय वाटला. मी तो वाटू दिला.