माईकवर जाहीर झालेली मॅट

खेळाडू एवढा पैसा कमावून कंगाल कसे होतात, हे मला लोक समजावून सांगतात. दारू, गाड्या, बायका, जुगार. मी ऐकून घेते. माझा धाकटा भाऊ सुपारीसुद्धा खात नाही. गाडी घेतली ती सेकंडहँड. त्याला बुडवलं ते सत्कारांनी, आणि ते सत्कार करणाऱ्या एकाही माणसाबद्दल माझ्या मनात आज चांगला शब्द नाही.

भाऊ कबड्डी खेळायचा, चढाईला जायचा. मोठ्या लीगचा लिलाव आम्ही सिडकोतल्या आईच्या रो-हाऊसमध्ये टीव्हीवर पाहिला. त्याची बोली बावन्न लाखांवर थांबली आणि खोलीतल्या पंधरा माणसांनी एकदम फोन काढले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर त्याचं नाव लहान आणि आकडा मोठा होता.

मी वाळूजच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर सांभाळते. माल किती आला, किती गेला, किती येणं बाकी आहे, यावर माझा दिवस चालतो. करार हातात आला तसा मी तो वाचला आणि वहीत उतरवला. बावन्न लाख हा बोलीचा आकडा. त्यातून कर जाणार, एजंटाचा हिस्सा जाणार. उरलेले तीन हप्त्यांत: पहिला निम्म्याहून मोठा, पुढचे दोन जेवढे सामने खेळशील त्या हिशोबात. बिगारीनं कामावर जावं तेव्हा हजेरी, तसंच. फक्त इथले कपडे चकचकीत.

मी त्याला म्हटलं, "तू बावन्न लाखांचा नाहीस. सगळे सामने खेळलास तर जेमतेम तीसचा आहेस."

तो हसला. "आक्का, तू मला पण रॅकवर ठेवतेस."

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्काराची एक पद्धत आहे आणि ती बाहेरच्याला लक्षात येत नाही. हार घालतात, शाल देतात, ट्रॉफी देतात. तिथवर फुकट. मग निवेदक माईक हातात घेतो आणि म्हणतो, "आपल्या मातीतल्या बावन्न लाखांच्या वाघाला मी विनंती करतो, त्यांनी आपल्या मंडळासाठी दोन शब्द बोलावेत." हे दोन शब्द म्हणजे आकडा. समोर पाचशे माणसं, पहिल्या रांगेत लहानपणी त्याला मैदानावर खेळवणारे दादा, आणि माईक थेट तोंडाशी. जो आकडा सांगत नाही त्याला खाली उतरल्यावर कोणी पाणी विचारत नाही.

त्यानं जाहीर केलं. एका मंडळाला बोअरवेल. शाळेच्या मैदानाला भिंत. विहाराच्या पायऱ्यांना फरशी. ती मला मान्य होती, वडिलांनी तिथं कितीतरी रविवार झाडू मारला होता. फर्दापूरजवळच्या एका गावात तर तो फक्त कोणाच्या तरी लग्नाला गेला होता, तिथंही माईक आला आणि तो व्यायामशाळेचं सामान जाहीर करून परतला. हे सगळं त्याचा शाळेपासूनचा मित्र जमवून आणायचा. तो स्वतःला मॅनेजर म्हणवायचा. भाऊ कार्यक्रमाला पोचण्याआधीच तो निवेदकाच्या कानात सांगून ठेवी की भाई काय देणार आहे. मी त्याला विचारलं, तुला हे कोणी ठरवायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमी लई टेन्शन घेता. भाईचं नाव होऊन राहिलंय ना."

सर्वांत मोठी जाहीर झाली ती मॅट. ज्या मैदानावर तो मातीत गुडघे सोलून शिकला, तिथं कबड्डीची मॅट आणि तिच्यावर पत्र्याचं शेड. अकरा लाख. टाळ्या थांबेनात. दादांनी स्टेजवर त्याला मिठी मारली. मी खाली बसून वहीत लिहिलं: कोणाला, काय, किती, दिलं की नाही.

तिसऱ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. चढाईत तो वळला आणि पाय तिथंच राहिला. आम्ही टीव्हीवर पाहिलं. ऑपरेशन झालं, हंगाम संपला, शेवटचे दोन हप्ते जवळजवळ आलेच नाहीत. पुढच्या लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कोणी बोली लावली नाही. नाव पुकारून दुसरं नाव यायला इतका थोडा वेळ लागला की आई चहा घेऊन आली तेव्हा विचारत होती, "आलं का रे नाव?"

माझ्या वहीप्रमाणे हातात आले अठरा लाख आणि जाहीर झाले एकतीस. सतरा देऊन झाले होते. मी समजत होते की आता तरी विषय संपला. पाय गेला, पैसा गेला, लोक समजून घेतील. ही माझी चूक. लोकांनी समजून घेतलंच नाही असं नाही, पण त्यांनी विचारणं सोडलं नाही. भाजी घ्यायला गेला की, "काय भाई, मॅट कवा येती?" रिक्षावाला, न्हावी, दादांचा मुलगा. त्यात एक चिमटा असायचा. मॅट आली तर भाई अजून बावन्न लाखांचा, नाही आली तर संपला.

आणि त्यालाही तसंच वाटायला लागलं होतं.

एका रविवारी सकाळी आईनं फोन करून बोलावलं. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. गेले तर बैठकीत एका फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला, त्याच्या शेजारी मॅनेजर आणि टेबलावर कागद. घर गहाण ठेवून बारा लाखांचं कर्ज. वडील गेल्यावर घरावर तीन नावं लागली होती, आईचं, भावाचं आणि माझं. आईची सही झाली होती. भावाची झाली होती. पेन माझ्याकडे वळवून ठेवलं होतं.

"हप्ता कोण भरणार?" मी विचारलं.

"पुढच्या लिलावात मी येतोय," भाऊ म्हणाला. जिना चढताना तो अजून कठडा धरत होता.

"आणि नाही आलास तर?"

मॅनेजर म्हणाला, "ताई, असं अशुभ कशाला बोलायचं?"

"तू तुझं घर ठेव गहाण. शुभ बोलीन मी."

फायनान्सचा माणूस चहाच्या कपात बघत राहिला. आई म्हणाली, "त्याचा शब्द हाय, बाई. चारचौघांत दिल्याला."

"आणि उद्या तुला चारचौघांत सामान घेऊन बाहेर काढलं तर?"

"मला कोण काढतंय," आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. कागदावर काय लिहिलंय ते तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचून दाखवलं, मोठ्यानं, एक एक कलम. तीन हप्ते चुकले तर काय, त्याच्यापर्यंत आले तशी ती भावाकडे बघत पदराशी चाळा करायला लागली. मी सही केली नाही. भावाला म्हटलं, "मैदानावर जा आणि सांग, मॅट होणार नाही. एवढं बोल, मग पुढचं आपण मिळून बघू."

तो म्हणाला, "तू मर म्हणालीस तरी चालेल, हे बोलू नको."

पंधरा दिवसांनी त्या मैदानावर स्पर्धा होती. भाऊ प्रमुख पाहुणा. मी आईला घेऊन गेले, वही पर्समध्ये. निवेदकानं त्याला बोलावलं ते "आपल्या मॅटचे दाते" म्हणूनच. भावानं माईक घेतला. मी समोर होते, त्यानं मला पाहिलं. आणि म्हणाला, "मॅट येणारच. शब्द दिलाय मी. वर प्रेक्षकांसाठी पायऱ्या पण करू."

टाळ्या पडल्या, त्यानं माईक परत दिला. मी उठले, स्टेजवर गेले आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला. मला भाषण येत नाही. मी वहीतून वाचलं. आलेले अठरा, दिलेले सतरा, कोणाकोणाला दिले ते. "मॅट होणार नाही. पायऱ्या होणार नाहीत. ज्यांना फार गरज आहे त्यांनी अकराशे-अकराशे काढा, मैदानावर हजार माणसं बसली आहेत." एवढंच. कोणीतरी मागून ओरडलं, "ताई, घरची भांडणं घरी." दादांनी तोंड फिरवलं. भाऊ पलीकडच्या बाजूनं उतरून, लंगडत, गेटाबाहेर गेला.

घर वाचलं. तो त्याच आठवड्यात घर सोडून वाळूजला खोली घेऊन राहिला. एका शाळेत खेळ शिकवतो, पगार वेळेवर मिळतो. आई माझ्याशी कामापुरतं बोलते, गॅस संपला, गोळ्या संपल्या. मॅनेजरचा फोन लागत नाही. मॅटबद्दल त्यानंतर मला एकानंही विचारलं नाही. चौकात दुसऱ्या एकाचा फ्लेक्स आहे, आकडा अडतीस लाख.

सात महिन्यांनी भाऊ माझ्याकडे आला. टीडीएसचे कागद हवे होते, परतावा मागायचा होता. मी फाईल काढून दिली. तो जेवला नाही, दारातच उभं राहून वही चाळत होता. बोअरवेल, भिंत, फरशी, मॅट. प्रत्येकापुढे माझ्या अक्षरात तारीख.

"हे सगळं तू तवाच लिहिलंस," तो म्हणाला.

"त्याच दिवशी. खाली बसून."

"मग तवा का नाय चढलीस स्टेजवर?"

मी म्हटलं की तुला सांगितलं होतं, बैठकीत, दोनदा. तो म्हणाला, "मला सांगितलंस. माईकवर नाय." फाईल काखेत घेऊन, कठडा न धरता, एक एक पायरी मोजून तो खाली उतरला.