न्हाणीघराची काच

काच फुटली तेव्हा मी ऑफिसात होतो. फोनवर बायको एवढंच म्हणाली, "घरी या. बाबा ठीक आहेत, पण तुम्ही या."

बाबा म्हणजे माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आवाज निघतो, शब्द निघत नाही. विदर्भातल्या आमच्या लहान गावी त्यांना बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्यांना भोपाळला घेऊन आलो. आमचं सरकारी क्वार्टर तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांची खाट टाकली. खिडकीच्या मधोमध एक मोठी पक्की बसवलेली काच, तिच्या बाहेर लोखंडी गज आणि दोन्ही बाजूंना अरुंद झडपा. झडपांवर रंगाचे इतके थर चढलेले की त्या कधीच्याच चिकटून बसल्या होत्या. त्यामुळे बाबांना बाहेरचं जे काही दिसायचं ते त्या एका काचेतून.

रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली एक इस्त्रीवाला हातगाडी लावतो. कोळशाची इस्त्री. बाबा आले त्याच आठवड्यात त्या दोघांची ओळख झाली. कशी झाली ते मला ठाऊक नाही, कारण बाबांना बोलता येत नाही आणि त्याला मराठी येत नाही. पण सकाळी गाडी लावली की तो इस्त्री उचलून सलाम करायचा आणि बाबा डावा हात वर करायचे. दुपारी जेवायला बसला की डबा उघडून दाखवायचा. बाबा मान हलवायचे. संध्याकाळी गाडी झाकताना पुन्हा सलाम. एवढंच. पण ज्या माणसाने आयुष्यभर जिनिंगमध्ये रुईच्या गाठी वाहिल्या आणि आता ज्याला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, त्याचा अख्खा दिवस या तीन सलामांवर उभा होता. आम्हाला नवरा-बायकोला हे कळत होतं. म्हणून त्या खिडकीला आम्ही पडदासुद्धा लावला नव्हता.

घरी पोहोचलो तर बाबांच्या पांघरुणावर काचेचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला. आमच्या वसाहतीच्या देखभाल विभागाची माणसं तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायला आली होती. फांदीला दोर न बांधताच त्यांनी कुऱ्हाड चालवली. फांदी खिडकीवर आली आणि तिचं टोक गजांमधून आत घुसलं. बाबांच्या कपाळावर एक ओरखडा उठला होता, नशीब तेवढंच.

"मी ओरडले त्यांच्यावर," बायको म्हणाली. "तर म्हणतात, काँच ही तो है मैडम, दफ्तर में लिख के दे दो. आणि फांदी ओढत निघूनही गेले."

मी लिहून दिलं. इथेच माझ्या रागाची सुरुवात आहे, आणि हा राग पहिल्यांदा माझ्यावरच आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावच्या शाळेत गुरुजींनी मला अर्ज लिहायला शिकवला. वर 'महोदय', खाली 'आपला आज्ञाधारक', आणि मध्ये 'कृपा' हा शब्द निदान दोनदा. त्या अर्जांवरच माझी फी माफ झाली, वसतिगृह मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजींचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, की मागणाऱ्याने देणाऱ्याला अवघडायला लावू नये. बाबांची शिकवणही तीच. ते म्हणायचे, "ज्याच्या हाती आपलं पोट, त्याच्यापुढे आपलं तोंड नाही."

तेव्हा मी सुंदर हिंदीत अर्ज लिहिला. खिडकीची काच फुटली आहे, घरात आजारी वृद्ध आहेत, नवीन काच बसवून दिल्यास महोदयांची अति कृपा होईल. बायकोने तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"फोडली कुणी ते कुठे लिहिलंय?"

"काम झालं म्हणजे झालं. उगाच कुणाला कशाला दुखवायचं?"

"दुखवायचं? काच बाबांच्या अंगावर पडली आणि दुखावणार ते?" ती भोपाळातल्याच टी. टी. नगरात वाढलेली. तिचे आजोबा सरकारी ऑफिसाबरोबर नागपूरहून इकडे आले, त्यामुळे या शहराची नस तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. "अहो, इथे थोडा मिजाज दाखवल्याशिवाय नळाचा वॉशरसुद्धा कुणी बदलत नाही. तुम्ही तर त्यांचीच आरती ओवाळून राहिले."

मी तोच अर्ज दिला.

जानेवारी चालू होता. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आम्ही खिडकीला लावला. खोलीत दिवसा ट्यूबलाइट जळायची आणि बाबा त्या पुठ्ठ्याकडे बघत पडून राहायचे. पुठ्ठ्यावर कूलरचं चित्र होतं. मी रोज ऑफिसातून निघताना देखभाल विभागात डोकवायचो आणि तिथला सुपरवायझर रोज म्हणायचा, "स्टॉक आने दो, भाई साहब."

अशात एकदा ऑफिसची फाइल घेऊन मला चार इमलीत, बड्या अफसरांच्या वस्तीत, एका साहेबांच्या बंगल्यावर जावं लागलं. फाटकातून आत शिरलो तर व्हरांड्यात आमचाच सुपरवायझर उभा. दोन माणसं खिडकीत काच बसवत होती. लख्ख, पारदर्शक काच. आणखी तशाच काचा भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

"क्या हुआ सर, यहाँ भी टूट गया?" मी विचारलं.

"कल बंदर ने तोड़ दिया," तो हसत म्हणाला. "साहब का कल ही फोन आ गया."

माकडाने काल फोडली आणि आज काच हजर. भिंतीला टेकवलेल्या काचांकडे मी बघितलं. त्यातली एक माझ्या बाबांच्या खिडकीत बसली असती. माझे कान तापले. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "सर, हमारा भी देख लीजिएगा." तो म्हणाला, "हो जाएगा, हो जाएगा." मी म्हणालो, "थँक यू सर."

हे आजही आठवलं की मला स्वतःच्या जिभेची चीड येते.

अखेर एका सकाळी तो माणसं घेऊन आमच्याकडे आला. सोबत काच होती, पण न्हाणीघराच्या खिडकीला लावतात ती, दाणेदार. उजेड येतो, पण पलीकडचं काही दिसत नाही.

"सर, ये तो बाथरूम वाला काँच है," मी म्हणालो.

"ग्राउंड फ्लोर है आपका. पर्दे का खर्चा बच गया," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "स्टोर में अभी यही माल है. टूटा कैसे? घर में बच्चे हैं?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "आपके आदमियों ने तोड़ा है!"

"मैडम, अर्ज़ी में तो ऐसा कुछ लिखा नहीं है."

खाट बाजूला सरकवली, पुठ्ठा निघाला, काच बसली, कडेने पुट्टी भरली गेली. आमच्या घरी कामाला येणारा चहा घेतल्याशिवाय जात नाही, हा बाबांचा गावापासूनचा नियम. गवंडी असो, मीटर बघणारा असो, चहा मिळणारच. बायकोने चहा केला, पोहेही केले. सुपरवायझरने पोहे दोनदा घेतले. जाताना म्हणाला, "सरकारी मकान है, अपने मन से कुछ बदलना मत." आणि मी दारापर्यंत जाऊन म्हणालो, "थँक यू सर, आपको बहुत तकलीफ हुई."

दार लावून वळलो तर बायको रिकाम्या बशा हातात घेऊन उभी होती.

आता खिडकीत दिवसभर पांढरा धूर भरल्यासारखं दिसायचं. पलीकडून कुणी गेलं तर एक डाग सरकायचा. बाबा पहिल्या दिवशी त्या काचेवर डाव्या हाताने पुसत राहिले. त्यांना वाटलं वाफ धरली आहे. पुसायचे, बघायचे, पुन्हा पुसायचे. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवण भरवायला गेलं की तोंड उघडायचे, पण आमच्याकडे बघायचे नाहीत.

एका संध्याकाळी स्कूटर लावताना इस्त्रीवाल्याने मला हाक मारली. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "बाबूजी... हैं ना?"

त्याला वाटलं होतं बाबा गेले. आधी पुठ्ठा, मग पांढरी काच. तो रोज सकाळी इस्त्री उचलून सलाम करत होता आणि पलीकडून काही हलत नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी विभागात गेलो. साधी काच द्या म्हणालो. सुपरवायझरने मान वर न करता विचारलं, "रोशनी आ रही है?"

"आ रही है, लेकिन..."

"फिर?"

त्या 'फिर'वर मला टेबल उलथवावंसं वाटलं. तसाच मी घरी आलो. आणि तरीही, बाजारातून स्वतः काच आणून बसवावी हे माझ्याने झालं नाही. सरकारने मला नोकरी दिली, छप्पर दिलं, सरकारी दवाखान्यात बाबांचा जीव वाचला. त्या सरकारच्या घराला मी विनापरवानगी हात कसा लावू? असा मी. चार पुस्तकं शिकून एवढंच शिकलो.

मग सुटीचा दिवस आला. सकाळी बाबांना दूध पाजून मी स्टीलचा पेला त्यांच्या उशाशी ठेवला आणि दाढीचं सामान काढत होतो. एकदम ठण्ण झालं. पेला भिंतीवर आपटून माझ्या पायाशी आला. मला वाटलं हात लागून पडला असेल. पण बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं, आणि डावा हात माझ्यापुढे पसरला. पेला परत मागत होते.

नेम चुकला होता त्यांचा.

मी या माणसाला कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नाही. मुकादमाने आईवरून शिवी दिली तरी पुढची गाठ उचलणारा हा माणूस. तोंड नाही आपल्याला, असं मला शिकवणारा. आता तर खरोखरच तोंड राहिलं नव्हतं, आणि त्याने पेला फेकला होता.

मी पेला उचलला, हातात तोलला आणि बाजूला ठेवला. हलका होता. स्वयंपाकघरातून पितळेचा तांब्या आणला. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "पाणी हवंय का बाबांना?" मी म्हणालो, "नाही." बाबांच्या अंगावर रजई गळ्यापर्यंत ओढली, डावा हात मोकळा ठेवला आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

काच एका फेकीत गेली. बहुतेक तुकडे गजांमधून बाहेर पडले. थंड हवा आत आली आणि तिच्याबरोबर कोळशाचा वास. पलीकडे इस्त्रीवाला दचकून उभा राहिला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ओरडला, "अरे बाबूजी!" घाईत त्याने इस्त्रीऐवजी कुणाचा तरी पायजमाच उचलून सलाम केला. बाबांचं तोंड वाकडं झालं. झटक्यानंतर त्यांचं हसू असंच दिसतं.

बायको पिठाच्या हातांनी दारात उभी होती. "कुणी फोडली?"

"बाबांनी. तांब्या मी दिला."

"मग उभे काय राहिले? माप घ्या न."

टी. टी. नगरच्या बाजारातल्या दुकानातून साधी काच कापून घेतली आणि दुकानाचाच कारागीर स्कूटरवर मागे बसवून आणला. तो कडेची पुट्टी भरत होता तेवढ्यात सुपरवायझर हजर. कुणी कळवलं देव जाणे. महिना महिना ज्याचं दर्शन नाही, तो सुटीच्या दिवशी दहा मिनिटांत दारात.

"ये क्या हो रहा है? किसकी परमिशन से?"

"किसी की नहीं," मी म्हणालो. "पहला काँच आपके आदमियों ने तोड़ा. मेरे बाप के ऊपर गिरा. वो मैंने अर्ज़ी में नहीं लिखा था, अब लिखूँगा. चार इमली में कौन सा काँच लगा और यहाँ कौन सा, ये भी लिखूँगा."

"और वो नया वाला? वो किसने तोड़ा?"

"मेरे पिताजी ने. वो भी लिखूँगा."

तो बाबांकडे बघायला लागला. लुळा उजवा हात, रजई, खाट. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. एवढ्यात बायको चहा घेऊन आली. ट्रेमध्ये एक कप कारागिराचा, एक बाबांचा, एक माझा. सुपरवायझरने सवयीने हात थोडा पुढे केला होता. ट्रे त्याच्यासमोरून गेला. बाबांनी ते पाहिलं. त्यांचा नियम मोडला जात होता आणि ते बायकोने तोंडाशी धरलेल्या बशीतून शांतपणे चहा पीत होते.

"ठीक है, देखते हैं," असं म्हणून तो निघाला. पुढे काय होईल ते होईल. अर्ज मी त्याच दुपारी लिहिला, आणि त्यात 'कृपा' हा शब्द एकदाही नाही.

तो गेटबाहेर पडला तेव्हा नव्या काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. पलीकडे इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलली. बाबांनी डावा हात वर केला. मधून जाणाऱ्या सुपरवायझरने तो हात पाहिला, त्याचा चेहरा जरा सैल झाला आणि खिडकीकडे बघून त्यानेही हात उचलला, "नमस्ते, बाबूजी."

मी चप्पल न घालता बाहेर गेलो आणि त्याला सांगितलं, "आपको नहीं कर रहे."