तिळाच्या तेलाची बाटली

तिळाच्या तेलाचा वास आला की मला आमचं दिवा गावातलं घर आठवतं, कारण तिथेच मला बघायला आलेला मुलगा भर बैठकीत तेल सांडून बसलेला. तो समुद्रातल्या तेलविहिरींवर नोकरीला होता. निम्मा महिना घराबाहेर राहणारा जावई बाबांना नकोच होता. मावशीच्या शब्दाखातर त्यांनी त्याला बोलावलेलं. त्यांनी कोरडेपणाने विचारलं, "तिथे नक्की काय करता तुम्ही?" तो म्हणाला, "जमिनीच्या पोटात पाणी सोडतो." चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. "अहो, इथे आम्ही प्यायला टँकर मागवतो!" "समुद्राचंच पाणी असतं काकू, गाळून घेतलेलं. विहिरीचा सुरुवातीचा जोर ओसरला की तेल खडकात अडकून राहतं, ते पाण्याने रेटायचं." आमचे कोरे चेहरे बघून त्याने संपत आलेली तेलाची बाटली मागितली आणि तांब्यातून तिच्यात हळूहळू पाणी ओतलं. तळाचं तेल तरंगत तोंडाशी आलं. मी न राहवून विचारलं, "आणि पाणी जास्त झालं तर?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघायला लागला, हात मात्र ओततच राहिला, आणि तेल त्याच्या नव्या पँटवर ओघळलं. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मग आपला धुतलेला लेंगा त्याच्या हातात देत म्हणाले, "आता जेवूनच जा." आज आमच्या वर्तकनगरच्या घरात मी बिरड्यासाठी वाल भिजत घातलेत, कारण परवा तो समुद्रावरून येतोय. दर महिन्याला नवरा नव्याने घरी येतो, यातली गंमत तेव्हा बाबांना ठाऊक नव्हती.