मूस एकट्यानं उचलत नाहीत

भट्टीवर बत्तीस वर्षं काढलेला माणूस कमी बोलतो, कारण तोंड उघडलं की धूर आत जातो. मिस्त्री याला अपवाद. ते ओतता ओतता बोलायचे आणि बोलता बोलता ओतायचे, पण धातूच्या रसाचा थेंब कधी सांडला नाही.

त्यांच्या ओतशाळेत एरवी पंपांची चाकं ओतली जायची. एक दिवस टेम्पोतून गादीत गुंडाळलेला मेणाचा माणूस आला. कारखान्यांकडे जाणाऱ्या चौकात कामगाराचा पुतळा बसणार होता आणि एका शिल्पकार बाईंनी तो मेणात घडवला होता. मेणावर मातीचा लेप चढवायचा, भाजून मेण काढून टाकायचं आणि राहिलेल्या पोकळीत ब्राँझ ओतायचं, एवढं काम ओतशाळेचं.

गादी सोडली तशी सगळी भट्टी गोळा झाली. मेणाचा माणूस उघडाबंब, अनवाणी, छातीशी मूस कवटाळून उभा. मूस म्हणजे धातू वितळवायचं जाड भांडं. भरून भट्टीतून निघतं तेव्हा लालबुंद असतं. आणि स्वारीची नजर आभाळात!

"दाजी, हा वर काय बघतोय हो?" भट्टीवरच कामाला असलेल्या त्यांच्या मेहुण्यानं विचारलं.

"भोंगा कधी वाजतोय ते," मिस्त्री म्हणाले. सगळे खो खो हसले.

मेहुणा हसत हसत लंगडत कोठीकडे गेला आणि मिस्त्रींचं हसू मावळलं. अकरा वर्षांपूर्वी जोडीदार आला नाही म्हणून या शहाण्यानं एकट्यानं मूस उचलली होती. डाव्या पायाची तीन बोटं गेली. तेव्हापासून नव्या माणसाला मिस्त्री पहिल्या दिवशी एकच धडा देत: लांब दांडा, मधे कडं, कड्यात मूस, एक जण या टोकाला, एक त्या टोकाला. आता तोच नवा माणूस रोज सकाळी कामावर येताना चौकात हे ध्यान बघणार?

"लेप उद्या चढला पाहिजे," ओतशाळेचे शेठ म्हणाले.

"चढणार नाही. आधी बाईंना बोलवा."

"अहो, आपण ओतणारे. तो काय करतोय त्याच्याशी आपल्याला काय?"

"शेठ, तो आमचंच काम करतोय. आणि चुकीचं करतोय."

बाई आल्या. मनानं चांगल्या होत्या. "हा तुमच्या कष्टांना केलेला नमस्कार आहे, मिस्त्री."

"नमस्कार पोचला. पण मूस अशी धरली तर हा भाजेल."

"तो प्रतीक आहे हो."

"असू दे ना. प्रतीकाला छाती आहे, पाय आहेत. भाजणारच."

बाईंना ते रुचलं नाही. "एकटा उभा केला की बघणाऱ्याला त्याचं धैर्य दिसतं."

"आम्हाला अडाणीपणा दिसतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई."

एवढं बोलून मिस्त्रींनी एक थंड मूस पाण्यानं काठोकाठ भरली, कड्यात बसवली आणि दांड्याचं एक टोक बाईंपुढे केलं. "धरा."

बाईंनी पदर खोचला. चौथ्याच पावलाला पाणी हिंदकळून चपला भिजल्या.

"गेले तुमचे पाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मुशीकडे बघू नका," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडे बघा. माझ्या पावलाला पाऊल."

दुसऱ्या फेरीला थेंब सांडला नाही. दांडा खाली ठेवून बाई तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे तुम्ही आभाळात बघतच नाही?"

"समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. तोल जाणार असला की आधी तिथं दिसतं."

बाई मेणाच्या माणसाभोवती एक चक्कर मारून आल्या. मग म्हणाल्या, "पण मंजुरी एकाच माणसाची आहे. दुसरा कुठून आणू?"

"एकच करा. दांडा मात्र पुरा करा. दुसरं टोक रस्त्याकडे सोडा, हाताला येईल असं."

"लोक म्हणतील, काम अर्धवट राहिलं," शेठ कुरकुरले.

"म्हणू देत."

पुढचे चार दिवस बाई तापलेली सुरी घेऊन भट्टीतच बसल्या. मेणाच्या माणसाला बूट आले, अंगावर चामडी एप्रन आला, छातीवरची मूस दांड्याच्या कड्यात गेली, मान खाली वळली. "डावा पाय अजून मागं," मिस्त्री रोज बजावत. त्याला मिशी ठेवा असंही म्हणत, पण तेवढं बाईंनी ऐकलं नाही.

पुतळा बसला. उद्घाटनाला पाहुणे कामगाराच्या घामावर तासभर बोलले, पण रिकाम्या टोकाला कुणी हात लावला नाही. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी बाजारातून येणाऱ्या एका बाईनं आपली जड पिशवी त्या टोकाला अडकवली आणि ती लाल झालेली बोटं चोळू लागली.

"घ्या मिस्त्री, तुमच्या दांड्याची खुंटी झाली!" कामावरून सुटून मिस्त्रींसोबत निघालेले लोक हसले.

मिस्त्री तरातरा रस्ता ओलांडून गेले. "ताई, पिशवी खाली ठेवा जरा. हं. आता दोन्ही हातांनी धरा. आणि त्याच्याकडे बघा."

बिचारीनं गोंधळून दांडा धरला आणि मान वर केली. "अगंबाई, हा तर माझ्याकडेच बघतोय!"

"मग? तुमच्याच भरवशावर उचललंय त्यानं."