नाव सांग, मग गोळी

दवाखान्याच्या खिडकीतून आधी नानांचं नाक बाहेर यायचं, मग नाना. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा पातळ औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. नाना ती आधी हुंगत. तेलाचा, लोणच्याचा जरासा वास आला की बाटली परत. "धुईसन लई ये," म्हणजे धुऊन आण, एवढंच बोलणं. कॉलनीतल्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि आम्ही पोरं त्यांना बाटलीनाना म्हणायचो. मूळचे शिंदखेड्याकडचे; इतकी वर्षं कंपाउंडर म्हणून काढली, पण अहिराणी काही सुटली नाही.

दुसरी खोड अशी की, औषधाचं नाव सांगितल्याशिवाय ते औषध देत नसत. मला सातव्या वर्षापासून आकडीची गोळी चालू होती. खिडकीची कड माझ्या हनुवटीला लागायची तेव्हापासून नाना विचारायचे, "नाव सांग, मंग गोयी." फेनोबार्बिटोन म्हणताना माझी बोबडी वळे, मागे रांग तुंबे, माणसं चुळबुळ करत, नाना ढिम्म. "गोयी तुन्हा पोटमा जाई. तुले तिन्हं नाव नको?" मला त्यांचा असा राग यायचा की विचारू नका.

रेल्वेवाल्यांच्या मुलांना ही औषधं फुकट मिळत, पण वडिलांच्या कार्डावर नाव असेतोवर. मुलगा एकविशीचा झाला की त्याचं नाव जाई, शिकत असला तर थोडं लांबे. मुलीचं नाव लग्न होताच जाई. म्हणून आमच्याकडे मुलीच्या लग्नाची एक पत्रिका नानांच्या खिडकीवर द्यायची रीत पडली होती. नाना तारीख बघत, पत्रिका कपाळाला लावून खणात ठेवत, आणि लग्न लागल्यावर कार्डावरच्या नावावर लाल शाईची रेघ ओढत.

माझं लग्न धुळ्याच्या एका मास्तरांशी ठरलं, तेव्हा आजाराबद्दल घरातलं कुणी चकार शब्द काढला नाही. "दोन वर्षांत आकडी नाही आली, मग सांगायचं कशाला?" हे आईचं म्हणणं. आणि सासरी गेल्यावर गोळ्या कुठून येणार, तर त्यावरही तिने तोड काढली. मी लग्नापर्यंत अर्धी गोळी घ्यायची, उरलेल्या अर्ध्या बरणीत साठवायच्या आणि त्या सासरी चोरून खायच्या. मला ते पटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पंधराव्या दिवशी मी भर सकाळी मोरीत पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्त होतं.

दोन दिवसांनी आई आणि मी पत्रिका घेऊन खिडकीवर गेलो. गोळ्याही घ्यायच्या होत्या. "नाव सांग," नाना नेहमीसारखे म्हणाले. मी "फे" म्हटलं आणि थांबले. चावलेली जीभ सुजून टाळूला लागत होती.

"जीभ दखाड."

मी दाखवली. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "बाकीन्या गोया कोठे शेतस?"

"बरणीत. अर्ध्या करून," आई म्हणाली आणि तिथेच तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"अर्धी गोयी म्हंजे आकडीले आवतन. त्याले सांगेल शे का?"

"सांगितलं तर मोडेल, नाना."

"आनि चुलाजवय पडनी तं?"

त्यांनी पूर्ण गोळ्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि पत्रिका, तेलकट बाटली परत करावी तशी, आईकडे सरकवली. घेतली नाही. आबांनी, म्हणजे वडिलांनी, घरी आकांडतांडव केलं. कंपाउंडरने कंपाउंडरसारखं राहावं, म्हणाले.

बस्त्याच्या दिवशी जळगावात, कापडदुकानाच्या पायरीवर, आत बायका शालूंच्या घड्या मोडत असताना मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. आजार, गोळी, बरणी, नानांची खिडकी. ते पाणी प्यायले आणि धुळ्याच्या गाडीत बसून निघून गेले.

अकरा दिवस धुळ्याहून ना पत्र, ना माणूस. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. दाराशी पोस्टमनची सायकल थांबली की मी धावत बाहेर जायचे. मी मनात नानांना लाखोली वाहत होते. यांचं काय जातं सांगायला, मोडणार माझं होतं.

बाराव्या दिवशी गोळ्या संपल्या. खिडकीवर गेले तर नानांनी नाव विचारलंच नाही. "आज तुले नाही इचारस," म्हणाले आणि हनुवटीने बाकाकडे खूण केली. बाकावर मास्तर बसले होते. सकाळच्या पहिल्या गाडीने आले होते म्हणे, आणि घरी न जाता थेट इथे.

"हं मास्तर, सांगा नाव."

मास्तर वर्गातल्या पोरासारखे उठून उभे राहिले. "फेनोबार्बिटोन. रोज एक. चुकवायची नाही, अर्धी करायची नाही." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "धुळ्यात मिळते. तीन दुकानांत विचारून आलोय."

मी भर रांगेत रडले. नानांनी आपलं मोठं नाक पुसलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला. "पत्रिका कोठे शे?"

लग्नानंतर त्यांनी माझ्या नावावर रेघ ओढली. पट्टी लावून, फार सावकाश ओढली, असं आबा सांगत. पुढच्याच वर्षी नाना निवृत्त होऊन गावी गेले, आणि पुढे ते वारल्याची बातमी मला धुळ्याला महिनाभराने कळली. भेटायचं राहूनच गेलं.

आज इतकी वर्षं झाली, सकाळी चहाबरोबर मास्तर बंद मूठ माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "नाव सांग." मी सांगते. मगच मूठ उघडते.